इंदूरहून मांडू, महेश्वर, रावेरखेडी, ओंकारेश्वर: पठारावरून नर्मदेकडे उतरत जाणारी चार दिवसांची सहल

पुण्या-मुंबईहून इंदूरला येणारे पाहुणे साधारण एकच कार्यक्रम डोक्यात घेऊन येतात: एका दिवसात मांडू-महेश्वर, दुसऱ्या दिवशी उज्जैन-ओंकारेश्वर, रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सोनारबाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाऊन परतीची गाडी. टॅक्सीवालेही हेच पॅकेज विकतात. त्यात मांडूच्या वाट्याला तीन तास येतात, त्यातला एक जेवणात जातो. महेश्वरला पोचेपर्यंत अंधार पडतो आणि घाटावर फोटो काढून मंडळी परत. मग घरी जाऊन सांगतात, "मांडूत काय, पडके महालच आहेत."

मांडू आणि महेश्वर ही दोन सुटी ठिकाणं म्हणून पाहू नयेत. हा सगळा एक उतार आहे, वरून खाली यायचं. दिवसही त्याच क्रमाने लावले की निम्मं काम झालं.

आधी जमिनीचा नकाशा

माळव्याचं पठार कर्कवृत्ताच्या पट्ट्यातलं. वृत्त उज्जैनच्या जरा उत्तरेकडून जातं, म्हणजे इंदूर-मांडू धरून हा सगळा भाग उष्ण कटिबंधातच पडतो. तरीही उन्हाळ्यातसुद्धा माळव्याची रात्र सुसह्य असते, आणि तिचं कौतुक इथे फार जुनं आहे. कारण उंची. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, मांडू सहाशेच्या वर. पठाराची दक्षिण कड म्हणजे विंध्य, आणि ती कड ओलांडली की जमीन एकदम खाली जाते. महेश्वर दीडशे मीटरवर आहे. मांडू ते महेश्वर गाडीचं अंतर चाळीसेक किलोमीटर, पण तेवढ्यात साडेचारशे मीटर उतरतो आपण. स्वेटर काढावा लागतो, पिकं बदलतात, बोली बदलते. वर माळवा, खाली निमाड.

महूपलीकडे जानापाव नावाची टेकडी आहे, साधारण साडेआठशे मीटर उंच. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात. चंबळ तिथेच उगम पावते आणि उत्तरेला यमुनेकडे निघते. त्याच डोंगररांगेतून निघालेली चोरल मात्र दक्षिणेला नर्मदेत जाते. पाणी कुठे वाटलं जातं हे एकदा कळलं की पुढे मांडूतले तलाव, महेश्वरचे घाट, ओंकारेश्वरचं बेट यांची संगती आपोआप लागते.

केव्हा निघायचं

मांडूचं खरं रूप पावसाळ्यात, हे सगळे सांगतात आणि ते खोटं नाही. तलाव भरलेले असतात, जहाज महाल खरोखर पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी अर्धं इंदूर वर चढलेलं असतं आणि दरवाज्यांपाशी गाड्यांच्या रांगा लागतात. शिवाय धुकं इतकं, की रूपमतीच्या मंडपात उभं राहून समोरचा माणूस दिसत नाही, नर्मदा तर सोडाच. ओंकारेश्वरला श्रावणी सोमवारची गर्दी वेगळीच.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. पाणी असतं, हिरवळ अजून पिवळी पडलेली नसते, हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीही उत्तम, फक्त मांडूत रात्री चांगलीच थंडी पडते आणि तलाव ओसरायला लागतात. एप्रिल-मेमध्ये निमाडात येऊ नका, चाळिशी पार केलेला पारा घाटाच्या दगडी पायऱ्यांवर कसा लागतो ते अनवाणी पायांना विचारावं.

महिना कुठलाही असो, सोमवारी निघा आणि गुरुवारी परत या.

गाडी ठरवताना

मुंबईहून अवंतिका, पुण्याहून इंदूर एक्स्प्रेस, नाहीतर विमान. स्टेशनवर उतरलात की त्याच दिवशी निघण्याची घाई नको. एक रात्र इंदुरात काढा आणि गाडीचं नक्की करा.

खर्चाची खरी गोम इथे आहे. बाहेरगावच्या टॅक्सीचा हिशेब बहुधा 'दिवसाला किमान २५० किलोमीटर' असा असतो, काही जण ३०० धरतात. या सहलीत गाडी चार दिवसांत मिळून साडेतीनशेच्या आसपासच पळते. इंदूर-धार ६५, धार-मांडू ३५, मांडू-महेश्वर ४०, महेश्वर-ओंकारेश्वर रावेरखेडीचा वळसा धरून नव्वद-शंभर, ओंकारेश्वर-इंदूर ८०. वर गावातल्या गावात थोडं. पण किमान किलोमीटरच्या हिशेबाने बिल निघतं हजार किलोमीटरचं. म्हणून किलोमीटरवर बोलूच नका. "तीन रात्री मुक्काम, गाडी कमी पळणार, ठोक रक्कम सांगा," असं म्हणा. दोन-तीन जणांना विचारलंत की आकडा खाली येतो. ठोक रकमेत टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याच्या मुक्कामाची सोय धरली आहे की नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं चौथ्या दिवशी संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

ड्रायव्हरच्या झोपेचं मी मुद्दाम लिहितोय. अनेक ठिकाणी ड्रायव्हरला खोली देत नाहीत, तो गाडीतच सीट मागे करून झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुमच्या आई-वडलांना घाटातून उतरवणार असतो. हॉटेल ठरवतानाच फोनवर विचारा. इंदुरी ड्रायव्हर गप्पिष्ट असतो. त्याला 'भिया' (भाऊ) म्हणून हाक मारा, सकाळी आपल्याबरोबर पोहे-जिलबी खायला बसवा; मग तो आडवाटेची दोन ठिकाणं स्वतःहून दाखवतो.

धुळे-नाशिककडून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना सेंधव्याकडून येताना महेश्वर आधी लागतं. मोह होतो, पण तिथे थांबू नका. धामनोदवरून गुजरीला या, तिथून मांडूला चढा आणि मग उतरतानाच महेश्वर करा. तुमच्या पहिल्या दिवसातलं धार मग सुटलं तरी चालेल. ओंकारेश्वर झालं की परत इंदूरला येण्याचीही गरज नाही, सनावदवरून खरगोनमार्गे घर गाठता येतं. राऊ-खलघाट चौपदरीवरच्या गणेश घाटाची मात्र आठवण ठेवा. अवजड ट्रकांचे ब्रेक निकामी होण्यासाठी तो कुप्रसिद्ध आहे. इंदूरहून खाली उतरताना ट्रकच्या पुढे राहू नका, गिअर खालचा ठेवा.

वाटाड्या कुठे घ्यायचा, कुठे नाही

चारही ठिकाणी गाईड घ्यायची गरज नाही. मांडूत घ्याच. महेश्वरला विणकर आणि नावाडी हेच गाईड. रावेरखेडीला कोणी नसतो. ओंकारेश्वरला जो स्वतःहून मागे लागतो तो दर्शनाचा 'शॉर्टकट' विकत असतो. नमस्कार करून पुढे चला.

मांडूत ओळखपत्रवाले गाईड मध्यचौकात, जामी मशिदीपाशी भेटतात. तासांवर ठरवू नका, 'तिन्ही भाग, अर्धा दिवस' असं ठरवा, नाहीतर तो घड्याळाकडे बघत पळवतो. आणि पैसे बोलण्याआधी इथला जुना सुलतान होशंगशहा याच्याबद्दल एक प्रश्न विचारून पाहा: "होशंगशहाच्या मकबऱ्याचा आणि ताजमहालचा काय संबंध?"

बहुतेक जण तोंडपाठ सांगतील, की ताज बांधण्याआधी शहाजहानने आपले कारागीर हा मकबरा बघायला इथे पाठवले, तसा लेखच दारावर आहे. लेख आहे, शहाजहानच्या वास्तुकारांचाच आहे, त्यात उस्ताद हमीदचं नावही आहे. पण त्यातला काळ १६५९ चा. ताज तोवर उभा राहिलेला होता आणि शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाच्या कैदेत होता. म्हणजे ते आले ते आदर दाखवायला, नक्कल करायला नव्हे. जो गाईड हे तारखेसकट सांगेल किंवा निदान "लेख नंतरचा आहे" एवढं तरी म्हणेल, त्याला डोळे मिटून घ्या. संगमरवराच्या बाबतीत मकबऱ्याचा मान मोठाच आहे. पंधराव्या शतकातली, संपूर्ण संगमरवरी अशी इतकी जुनी इमारत आपल्याकडे क्वचितच सापडते.

पहिला दिवस: धार, मग मांडू

सकाळी साडेसातला घाटाबिल्लोदच्या रस्त्याने निघा. धार दीड तासात येतं. इथे पवारांचं राज्य होतं. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी इथून पश्चिमेला अमझेऱ्यापाशी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला, आणि माळव्यात मराठ्यांचे पाय रोवले गेले. किल्ला छोट्या टेकडीवर आहे, तांबड्या दगडाचा. आनंदीबाई या किल्ल्यात आश्रयाला असताना १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म इथे झाला. हे नाव लक्षात ठेवा, परवा महेश्वरच्या घाटावर ते पुन्हा भेटणार आहे.

किल्ल्याहून लाट मशिदीला जा. १४०५ ची, माळव्याचा सुलतान दिलावरखान याने जुन्या देवळांचे खांब वापरून बांधलेली. तिच्या समोर लोखंडी लाटेचे, म्हणजे स्तंभाचे, तीन तुकडे आडवे ठेवलेत. तिन्ही जोडले तर तेरा मीटरच्या आसपास, दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाहूनही लांब. दिल्लीच्या स्तंभाभोवती गर्दी मावत नाही, आणि इथे दुपारी एखादं कुत्रं सावलीला झोपलेलं असतं.

धारला अडीच-तीन तास पुरतात. जेवून नालछ्यामार्गे मांडू. गडाला पठारापासून तोडणारी काकडा खोह ही खोल दरी आली की गाडी थांबवून खाली बघा, किल्ला इथेच का बांधला ते कळेल. पुढे आलमगीर दरवाजा, भंगी दरवाजा असे एकामागून एक दरवाजे लागतात. रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली तर ड्रायव्हरला हॉर्न वाजवत बसू देऊ नका, मागे घ्यायला सांगा.

त्या दिवशी तिकीट काढून काहीही बघू नका. खोलीत सामान टाका आणि संध्याकाळी नीलकंठला जा. साठेक पायऱ्या उतरून दरीच्या काठावर अकबराच्या काळातला मोगली आरामवाडा आहे, आता शंकराचं देऊळ. भिंतीवर फारसी लेख आणि मध्ये पिंडी, दोन्ही सुखाने नांदतात. गुडघेदुखीवाल्यांनी वरच बसावं, दरी वरूनही दिसते.

राहायला राज्य पर्यटनाचे मालवा रिसॉर्ट आणि मालवा रिट्रीट आहेत. पावसाळ्यात महिनाभर आधी आरक्षण करा. गावात साध्या लॉजही आहेत. रोख पैसे जवळ ठेवा, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

दुसरा दिवस: मांडू, उलट्या क्रमाने

सगळ्या बसेस सकाळी दहाला जहाज महालापासून सुरुवात करतात आणि रूपमतीला भर दुपारी पोचतात. तुम्ही उलटं करा. स्मारकं सूर्योदयाला उघडतात. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर दक्षिण टोकाला रूपमती मंडप आहे; तिथे सातच्या आत पोचा. तिकीट तीन भागांचं वेगवेगळं असतं: रूपमती, मध्यगावातला मकबरा-मशिदीचा भाग, आणि जहाज महालाचा राजवाडा परिसर.

हा मंडप मुळात पहाऱ्याची चौकी. खाली निमाडच्या सपाटीपर्यंत साधारण ३६५ मीटरची घसरण आहे, आणि लांब, अगदी क्षितिजाशी, हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची पांढरी रेघ दिसते. रूपमती तिचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, ही दंतकथा. इतिहासातला भाग एवढाच, की १५६१ मध्ये अकबराचा सरदार आधमखान चालून आला, माळव्याचा सुलतान बाजबहादूर सारंगपूरला हरून पळाला, आणि त्याच्या रूपमतीने विष घेतलं. ती रेघ नीट बघून ठेवा, उद्या तिच्याच काठी मुक्काम आहे.

उतरताना बाजबहादुराचा महाल. नाव त्याचं असलं तरी लेखाप्रमाणे इमारत त्याच्या अर्धशतक आधीची, सुलतान नासिरुद्दीनच्या वेळची. शेजारी रेवा कुंड. येताना वाटेत गोरखचिंचेची झाडं दिसतील: बुंधा हत्तीच्या अंगासारखा राखाडी नि फुगलेला, वर काटकुळ्या फांद्या. इथे तिला 'खुरासानी इमली' म्हणतात, मूळ आफ्रिकेतलं झाड. टोपल्यांत विकायला ठेवलेलं दुधी भोपळ्याएवढं मखमली फळ तेच. आतला गर पांढरा, कोरडा आणि आंबट, एक फळ चौघांत पुरतं.

न्याहारीनंतर गाईडला घेऊन मध्यगाव. जामी मशीद होशंगशहाने सुरू केली, सुलतान महमूद खिलजीने १४५४ मध्ये पुरी केली. समोर अशरफी महाल. इथे महमूदाने मेवाडच्या राणा कुंभावरच्या विजयाचा सात मजली मनोरा उभारला होता, आता तळाचाच भाग उरलाय. गंमत अशी की चितोडचा विजयस्तंभ कुंभाने उभारला तो महमूदावरच्या विजयाचा! दोघेही जिंकले म्हणायचे. टिकला मात्र चितोडचाच.

दुपारी जेवायला दाल-पानिया मागा. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, वरून तूप, बरोबर तिखट डाळ. तासभर आधी सांगावं लागतं, म्हणून सकाळीच सांगून ठेवा. मग झोपा. खरंच झोपा.

साडेतीनला जहाज महाल, बंद होईपर्यंत. मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्या मधली ही शंभर मीटरहून लांब इमारत लोक खालून फोटो काढून सोडतात. जिन्याने गच्चीवर जा. गच्चीवर कोपऱ्यातल्या हौदाकडे जाणारी पाण्याची पन्हळ सरळ नाही. दगडात कोरलेली, गोगलगायीच्या शंखासारखी वळत वळत जाते. पाणी फिरत आलं की वेग मोडतो आणि गाळ मागे राहतो. खाली बसून बोट फिरवून बघा, चर अजून गुळगुळीत आहे. डोंगरमाथ्यावर नदी नाही, विहिरींना भरवसा नाही, तेव्हा आभाळातून पडलेला थेंबन् थेंब गच्चीवरून हौदात, हौदातून तलावात असा अडवलेला. शेजारच्या चंपा बावडीत पाण्याच्या पातळीशी खोल्या काढल्यात, उन्हाळ्यात गारव्याला बसायला. मांडूच्या वैभवाच्या पंधरा हजार बेगमांच्या कहाण्या गाईड रंगवून सांगतील, त्यांना ही पन्हळ दाखवा म्हणावं.

हिंडोळा महालाच्या भिंती बाहेरच्या बाजूला तिरप्या आहेत, जणू झोक्यावर. आतल्या मोठ्या कमानींचा रेटा पेलायला तसा उतार दिलाय. जहांगीर १६१७ मध्ये इथे काही महिने येऊन राहिला, पडझड झालेल्या इमारती त्याने दुरुस्त करून घेतल्या, म्हणजे तेव्हाही मांडू जुनंच होतं.

तिसरा दिवस: घाट उतरून महेश्वर

नऊला निघा, गुजरी-धामनोदमार्गे दीड तास. वर गहू, सोयाबीन, बटाटा. खाली कापूस आणि मिरची. खिडकीची काच उघडी ठेवा, कुठल्यातरी वळणावर हवा गरम होते ती जागा ओळखता येते.

अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केलं ते महेश्वरहून. इंदूर राजधानी झालं १८१८ मध्ये, महिदपूरला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर. म्हणून इंदूरचा राजवाडा बघून अहिल्याबाई कळत नाहीत. इथल्या वाड्यातली त्यांची बैठक बघा: साधी गादी, लाकडी खांब, अंगण. सकाळी गेलात तर मातीची छोटी शिवलिंगं करून नर्मदेत सोडण्याची लिंगार्चनाची प्रथा अजून चाललेली दिसते. घाटाकडे उतरताना विठोजी होळकरांची छत्री आहे. धारच्या किल्ल्यात जन्मलेल्या त्या दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये पुण्यात विठोजींना हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी विठोजींचे भाऊ यशवंतरावांनी हडपसरपाशी पेशव्यांचा धुव्वा उडवला. आपल्या दोन दिवसांच्या वाटेवर मराठेशाहीच्या शेवटाची दोन टोकं अशी बसली आहेत. समोरच्या काठावर नावडाटोली. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी तिथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली.

दुपार साडीची. महेश्वरी घ्यायची असेल तर दुकानात जाण्याआधी मागावर जा. किल्ल्यातच रेहवा सोसायटीचं विणकाम बघायला मिळतं, १९७० च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या दांपत्याने ती सुरू केली. गावात तर गल्लोगल्ली खटाखट ऐकू येते, दारात उभं राहून विचारलं की आत बोलावतात. ताणा रेशमी आणि बाणा सुती, ही महेश्वरीची ओळख. म्हणून ती हलकी असते आणि अंगाला चिकटत नाही. काठ बारकाईने बघा: चटई, लहर, वीट ही नक्षी वाड्या-घाटांच्या दगडकामावरून उचललेली आहे. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, साडी कशीही नेसता यावी म्हणून.

हातमागाची खूण सांगतो. कापड ताणून धरायला विणकर दोन्ही कडांना टोचणीची पट्टी लावतो, तिची बारीक भोकं काठाशी ओळीने दिसतात. उजेडात धरा. यंत्रमागावरची साडी फार एकसारखी असते, आणि दुकानदार 'हँडलूम' शब्द फार वेळा उच्चारतो. घासाघीस दुकानात करा, मागावर बसलेल्या माणसाशी नको.

संध्याकाळी घाट. आरती झाली, फोटो काढणारे पांगले, की मग बसा. जेवायला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मिळते का विचारा. निमाडचं अन्न तेच.

चौथा दिवस: रावेरखेडी, ओंकारेश्वर, परत

सकाळी सहाला नावेने बाणेश्वर, नदीच्या मधोमध खडकावर देऊळ. नावाड्याशी भाव आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागा. आठला निघून मंडलेश्वर, तिथे पूल ओलांडून दक्षिण काठाने कसरावद आणि बेडियाकडे. बेडियाला लाल मिरचीची मोठी मंडी आहे. हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरची वाळत घातलेली असते. काच बंद करा, नाहीतर शिंका आवरत नाहीत.

तिथून रावेरखेडी. पॅकेजवाले इथे नेत नाहीत, ड्रायव्हरलाही रस्ता माहीत असेलच असं नाही, म्हणून आदल्या रात्री नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. पहिले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी इथे तापाने गेले. त्याच वर्षी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी झालेल्या तहात हंडिया-खरगोनची जहागीर मिळाली होती, तिच्या बंदोबस्ताला ते आले होते. तटबंदीच्या धर्मशाळेसारख्या आवारात, नर्मदेच्या काठी समाधी आहे. आवारात हार विकणारा नाही, चहाची टपरी नाही. पाणी बरोबर न्या, अर्धा तास द्या. आपल्याकडून येणाऱ्याने ओंकारेश्वरची एक रांग कमी केली तरी चालेल, हे चुकवू नये असं मला वाटतं.

ओंकारेश्वरला दुपारी एकच्या सुमाराला पोचाल. गुरुवारी गर्दी बरी असते. बेटावरचं ओंकारेश्वर आणि अलीकडच्या काठावरचं ममलेश्वर, दोन्ही ठिकाणी दर्शन घेण्याची रीत आहे. ममलेश्वरचं जुनं दगडकाम जास्त देखणं, आणि तिथे रांगही लहान. डोंगरावर दिसणारा आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा २०२३ चा. बेटाची सात किलोमीटरची परिक्रमा सुंदर आहे, पण या दिवशी ती बसत नाही. करायची असेल तर इथे एक मुक्काम वाढवा.

घाटावर एक नियम काटेकोर पाळा. वरच्या बाजूला लगेच धरण आहे. पाणी सोडलं की काही मिनिटांत पातळी वाढते. भोंगा वाजला की लगेच वर या, खडकांवर पोरांना सोडू नका. पावसाळ्यात महूजवळच्या पाताळपाणीच्या धबधब्याचा बेत करणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. २०११ मध्ये वरून अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभी असलेली माणसं वाहून गेली. कठडा आहे तो त्यासाठीच. पावसात पाताळपाणी ते कालाकुंड अशी छोट्या रुळांची हेरिटेज गाडी चालते, तो दिवस वेगळा काढावा. कालाकुंडचा पानातला कलाकंद हेच त्याचं पुरेसं कारण.

ओंकारेश्वरहून चारच्या आत निघा. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली की बडवाह, मग भेरूघाटाची चढण, सिमरोल आणि इंदूर. या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम टप्प्याटप्प्याने चाललेलं असतं, एखाद-दुसरा वळसा पडतो, म्हणून अडीच-तीन तास धरा. घाट अंधारात चढू नका.

टॅक्सीचा हिशेब सराफ्यात जाण्याआधी, घरापाशी किंवा हॉटेलपाशी उतरतानाच मिटवा. पहिल्या दिवशीचा व्हॉट्सअ‍ॅप काढून दाखवा, टोलच्या पावत्या जमवून ठेवल्या असतील तर बोलणं दोन मिनिटांत संपतं. वर काय द्यायचं ते ड्रायव्हरच्या हातात वेगळं द्या. सराफा रात्री नऊनंतर जमतो. थंडी असेल तर गराडू (तळलेला कंद) खा, नसेल तर भुट्ट्याचा कीस.